‘आर यू लिसनिंग?’ विचारलं की समोरचा गप्प होतो? इंग्रजी क्रियापदांचा परत परत येणारा घोळ

आधी प्रॉब्लेम सांगतो. मी पुण्यात सपोर्टला आहे, क्लायंट इंग्लंडमधले, दिवसातले तीनचार तास कॉलवर जातात. नवीन होतो तेव्हा एकदा लाइन खराब होती, पलीकडून काही आवाज येईना, म्हणून मी आपलं सरळ विचारलं, ‘आर यू लिसनिंग टू मी?’ दोनतीन सेकंद शांतता. मग पलीकडची बाई एकदम थंड आवाजात म्हणाली, ‘येस, आय अ‍ॅम.’ कॉल संपल्यावर आमचे सीनियर हसत हसत म्हणाले, अरे तू तिला ‘लक्ष आहे का माझ्याकडे?’ असं विचारलंस, शाळेत मास्तर विचारतात तसं. मला विचारायचं होतं ‘ऐकू येतंय का?’ आणि त्याला ‘कॅन यू हिअर मी?’ म्हणतात.

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही हो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं (पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, आम्ही त्याच्या आधीचे), पण लिसन आणि हिअर दोन्ही शब्द पाठ होते, अर्थ विचारला असता तर सांगितला असता. तरी तोंडातून चुकीचाच निघाला. आणि पुढच्या आठवड्यात परत. हेच या घोळाचं वैशिष्ट्य, एकदा दुरुस्त केला की बंद होत नाही, तिकीट (आमच्या सपोर्टमध्ये तक्रारीच्या नोंदीला तिकीट म्हणतात) क्लोज केलं की चार दिवसांनी रीओपन होतं.

मी सगळे उपाय करून बसलोय. ‘नेहमी गोंधळ होणारे ५० शब्द’ छापाच्या लिस्टा पाठ केल्या, वहीत तक्ते केले, भिंतीवर चिकटवले. काही उपयोग नाही, कारण बोलताना आपण वही बघत नाही, आपल्या डोक्यात आधी मराठी वाक्य तयार होतं आणि मग त्यातल्या क्रियापदाला जो पहिला इंग्रजी शब्द सापडतो तो चिकटतो. ऐकणे म्हटलं की लिसन, बघणे म्हटलं की सी, ठेवणे म्हटलं की कीप, काढणे म्हटलं की रिमूव्ह. म्हणजे फॉल्ट इंग्रजीच्या बाजूला नाहीये, जिथून वायर निघते तिथे आहे. मग मी उलटं केलं, इंग्रजी शब्दांचं पाठांतर सोडून मराठी वाक्याकडेच बघायला लागलो, आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी उत्तर तिथेच पडलेलं सापडलं.

सगळ्यात मोठा फिक्स आधी देतो, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल. वाक्य ‘मी’ने सुरू होतंय की ‘मला’ने ते बघा.

‘मला ऐकू येतंय’ म्हणजे हिअर. ‘मी ऐकतोय’ म्हणजे लिसन. ‘मला दिसतंय’ म्हणजे सी. ‘मी बघतोय’ म्हणजे लुक किंवा वॉच. जे आपोआप होतं, कानाडोळ्यांवर येऊन आदळतं, तिथे मराठी आपल्याला ‘मला’ वापरायला लावते, जे आपण मुद्दाम करतो तिथे ‘मी’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय’च असतो त्यामुळे त्यांना फरक दाखवायला वेगळं क्रियापद घ्यावं लागतं. आपल्याकडे हा फरक लहानपणापासून फुकट आहे आणि आपण तो वापरतच नाही!

आता दुसरा फायदा, जो मला खूप उशिरा लक्षात आला. ‘मला’वाल्या क्रियापदांना इंग्रजीत शक्यतो आयएनजी लागत नाही. मला माहीत आहे, मला आवडतं, मला हवंय, मला समजतंय, मला आठवतंय, मला वाटतं. नो, लाइक, वॉन्ट, अंडरस्टँड, रिमेंबर, थिंक. म्हणून ‘आय अ‍ॅम नोइंग’, ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’, ‘आय अ‍ॅम वॉन्टिंग’ हे सगळं कानाला खटकतं. फसवतं काय तर आपलं ‘समजतंय’, ‘दिसतंय’ यातलं ते ‘तंय’, ते दिसलं की हात लगेच आयएनजीकडे जातो. ‘माझी स्क्रीन दिसतेय का?’ याचं ‘आर यू सीइंग माय स्क्रीन?’ असं रोज कानावर पडतं, पण तिथे ‘कॅन यू सी माय स्क्रीन?’ पाहिजे. दिसणं आणि ऐकू येणं या दोघांना सरळ ‘कॅन’ लावा, विषय संपला.

आणि जोड्या बघा किती चपखल बसतात. ‘मला वाटतं तो येणार नाही’, आय थिंक. ‘मी विचार करतोय’, आय अ‍ॅम थिंकिंग. ‘मला गॅसचा वास येतोय’, आय कॅन स्मेल गॅस. ‘मी फुलाचा वास घेतोय’, आय अ‍ॅम स्मेलिंग. हॅवचं पण तेच. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला ताप आहे’, दोन्हीकडे नुसतं ‘आय हॅव’. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हटलं की इंग्रज हसतो, पण ‘मी जेवतोय’ला ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ बिनधास्त चालतं, का, तर तिथे ‘मी’ आहे. हे जुळलं तेव्हा मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं, तिने ‘बरं’ म्हटलं आणि कूस बदलली.

नियम शंभर टक्के नाही हे पण सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी पकडेल. ‘मला उशीर होतोय’, ‘मला कंटाळा येतोय’, ‘मला झोप येतेय’ इथे ‘मला’ असूनही इंग्रजीत गेटिंग किंवा फीलिंग येतं. जिथे स्थिती बदलत चाललीय, हळूहळू चढत चाललीय, तिथे हा नियम सोडा. आणि ‘ती छान दिसते’, ‘तू दमलेला दिसतोस’ यात ‘मला’ नाहीच, तिथे लुक.

लुक आणि वॉच यातला फरक छोटा आहे, लुक म्हणजे नजर वळवणे, वॉच म्हणजे हलणारी, घडणारी गोष्ट बघत बसणे. फोटोकडे लुक अ‍ॅट, मॅच वॉच. टीव्ही पण वॉचच. थिएटरला जाऊन सिनेमा बघितला तर सी चालतं. एक वेगळीच गंमत म्हणजे ‘डॉक्टरला दाखवलं’, आपण दाखवतो आणि इंग्रज बघतो, ‘आय सॉ अ डॉक्टर’. ‘आय शोड टू डॉक्टर’ म्हटलं की तो विचारेल काय दाखवलंस.

आता से, टेल, स्पीक, टॉक. याच्यावर लोक पानंच्या पानं लिहितात, पण आपल्याकडे म्हणणे आणि सांगणे असे दोन वेगळे शब्द आहेतच की. तो म्हणाला, ही सेड. त्याने मला सांगितलं, ही टोल्ड मी. अडतं कुठे तर ‘तो मला म्हणाला’ इथे, ‘मला’ आला की माणूस ‘ही सेड मी’ करून टाकतो. सेला माणूस थेट चिकटत नाही, मध्ये ‘टू’ लागतो, टेलला मात्र माणूस लगेच पाहिजे, तो नसला तर वाक्य लंगडं. ‘ही टोल्ड दॅट…’ असं सुरू झालं की ऐकणारा वाट बघतो, कोणाला टोल्ड? अपवाद थोडे आहेत, खरं सांगणे, खोटं सांगणे, गोष्ट सांगणे, किती वाजले ते सांगणे, यात माणूस नसला तरी टेलच, पण तिथे मराठीतही ‘सांगणे’च आहे, म्हणजे वेगळं काही पाठ करायला नको.

मुंबईकर मंडळींना इथे एक जास्तीचा त्रास आहे, कारण त्यांच्याकडे ‘तो मला बोलला की उद्या येतो’ असं सर्रास चालतं आणि मग त्याचं थेट ‘ही स्पोक मी’ होतं. आमची आजी असती तर म्हणाली असती, बोलला नाही रे, म्हणाला. आमच्याकडे ‘सर मला बोलले’ म्हणजे सरांनी झापलं! (त्याला इंग्रजीत ‘टोल्ड मी ऑफ’ म्हणतात, तिथे पण टेलच निघालं.) स्पीक आणि टॉकमध्ये एवढंच लक्षात ठेवलं तरी भागतं, भाषेला कायम स्पीक, ‘आय टॉक मराठी’ होत नाही, आणि गप्पांना टॉक. बाकी ठिकाणी दोन्ही चालून जातात, उगाच डोकं लावू नका.

पुढची कॅटेगरी, देवाणघेवाण. लेंड आणि बॉरो. माझ्या शेजारचा मुलगा एकदा परदेशी पाहुण्याला ‘कॅन आय लेंड युवर चार्जर?’ म्हणाला, पाहुणा गोंधळला, चार्जर माझा आणि हा कोणाला देतोय? उसनं देणे म्हणजे लेंड, उसनं घेणे म्हणजे बॉरो. इथे फसवणारी गोष्ट म्हणजे लेंडमधला ‘ले’. हिंदी सिनेमे बघून कान असे तयार झालेत की ले म्हणजे घे, आणि इथे तो नेमका दे आहे. मी उलटं लक्षात ठेवतो, लेंडच्या शेवटचा तो ‘ड’ म्हणजे ‘दे’. अगदीच जुगाड आहे पण अजून फेल गेला नाही. बरं, ‘उसनं दे’ला जसं लेंड तसं ‘भाड्याने दे’ला पण वेगळा शब्द असेल म्हणून शोधाल, तर ब्रिटनमध्ये ‘लेट’ आहे, पण रेंट दोन्हीकडे चालतं, घेणाऱ्याला पण आणि देणाऱ्याला पण, फारतर देताना मागे ‘आउट’ लावतात.

रिमेंबर आणि रिमाइंडची चूक मी लेखी केलीय, मेलमध्ये, त्यामुळे नाकारता येत नाही. ‘मला शुक्रवारी आठवण करा’ हे मी ‘प्लीज रिमेंबर मी ऑन फ्रायडे’ असं पाठवलं. वाचणाऱ्याला वाटलं असेल हा माणूस गुरुवारी जग सोडून चाललाय. आठवणे म्हणजे रिमेंबर, आठवण करून देणे म्हणजे रिमाइंड. आपण बोलताना ते ‘करून देणे’ खाऊन नुसतं ‘आठवण कर’ म्हणतो, म्हणून घोटाळा. तेव्हा आधी मराठी वाक्य पूर्ण करा, ‘करून दे’ बसलं की रिमाइंड.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, राइझ आणि रेझ, लाय आणि ले. इंग्रजांची स्वतःची पोरं पण लाय-ले मध्ये धडपडतात, त्यामुळे लाज वाटून घेऊ नका. पण मराठी माणसाला हे उलट सोपं जायला पाहिजे. बघा, आपल्याकडे पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, तरणे आणि तारणे. आतला स्वर लांबवला की ‘आपोआप होणे’चं ‘दुसऱ्याला करायला लावणे’ होतं. इंग्रजीत पण खूप पूर्वी अशी स्वर बदलून जोड्या करायची पद्धत होती आणि तिचे अवशेष राहिलेत. राइझ म्हणजे वाढणे, उठणे, वर येणे, रेझ म्हणजे वाढवणे, उठवणे, वर करणे. भाव वाढले, प्राइसेस रोझ. कंपनीने भाव वाढवले, दे रेझ्ड द प्राइसेस. हात वर करा, रेझ. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. लाय म्हणजे आडवं पडून असणे, ले म्हणजे आडवं ठेवणे, घालणे, कोंबडी अंडं घालते ते पण ले. फॉल म्हणजे पडणे, आणि पाडणे? फेल (नापास होण्याचं नव्हे, एफ-ई-एल-एल), म्हणजे झाड पाडणे. आपलं पडणे-पाडणे आणि त्यांचं फॉल-फेल एकाच युक्तीने झालेत, आहे की नाही मजा. ड्रिंक आणि ड्रेंच पण तसेच, पिणे आणि पाजणे, फक्त ड्रेंचचा अर्थ आता सरकून चिंब भिजवणे असा झालाय.

मग घोळ कशामुळे? तर लायचा भूतकाळ नेमका ‘ले’ होतो, आणि फॉलचा भूतकाळ नेमका ‘फेल’. म्हणजे एकाचा कालचा शर्ट आणि दुसऱ्याचा आजचा शर्ट सेम. ‘काल दिवसभर पडून होतो’ हे व्याकरणाने ‘आय ले इन बेड ऑल डे’, पण कॉलवर एवढा विचार करायला वेळ नसतो म्हणून मी सरळ ‘आय वॉज लाइंग इन बेड’ म्हणतो, आणि वस्तू आडवी ठेवायची असेल तर लेच्या ऐवजी पुट. दोन्ही बरोबर आणि कोणी अडवत नाही. पगारवाढ मात्र ब्रिटनमध्ये राइझ आणि अमेरिकेत रेझ, तिथे क्लायंट कुठला ते बघून मागा.

मेक आणि डू. करणे या एका शब्दावर आपण अख्खं आयुष्य काढतो, चहा करतो, अभ्यास करतो, चूक करतो, भांडी करतो, फोन करतो. इथे मला उपयोगी पडलं ते ‘बनवणे’. आता शुद्ध मराठीवाले चिडतील, कारण आपल्याकडे चहा करतात, बनवतात ते माणसाला, म्हणजे मूर्ख बनवतात, ते चहा बनवणं हिंदीतून आलं. मान्य. पण टेस्ट म्हणून चांगलं आहे. काम झाल्यावर समोर काहीतरी नवीन उभं राहिलं, जे आधी नव्हतं, तर मेक. चहा, पोळ्या, यादी, आवाज, चूक, निर्णय. आणि नुसतं काम उरकलं, नवीन काही तयार झालं नाही, तर डू. भांडी, कपडे, होमवर्क, व्यायाम. फोन करणे आणि अंथरूण नीट करणे दोन्ही मेक आहेत, ते टेस्टमध्ये बसत नाहीत, तेवढे घोकून टाका.

इथपर्यंत मराठी आपल्या बाजूने होती. आता जिथे ती आपल्याला तोंडघशी पाडते ते.

ठेवणे. आपण ‘बॅग टेबलावर ठेव’चं ‘कीप द बॅग ऑन द टेबल’ करतो. भारतात चालतं, सगळ्यांना कळतं, मी त्याला चूक म्हणत भांडायला जाणार नाही. पण बाहेरच्या माणसाला कीप म्हणजे ‘ठेवून घेणे’ असं आधी ऐकू येतं. इथे आलेल्या एका पाहुणीला पावसात मी छत्री दिली आणि दुसऱ्या दिवशी ती परत करायला आली तेव्हा, मी कामात होतो, कोपऱ्याकडे बोट करून म्हटलं ‘कीप इट’. ती एवढी खूश झाली! छत्री मँचेस्टरला गेली. ठेवण्याची क्रिया म्हणजे पुट, आणि ठेवलेलं तसंच राहू देणे किंवा स्वतःकडे राखणे म्हणजे कीप. आणि फोन ठेवणे कीप पण नाही, पुट पण नाही, हँग अप. ‘आय अ‍ॅम कीपिंग द फोन’ म्हणजे फोन आता माझा झाला.

काढणे हा तर राक्षस आहे. आपण फोटो काढतो, पैसे काढतो, तिकीट काढतो, चित्र काढतो, वेळ काढतो, चप्पल काढतो, भांडण काढतो. या सगळ्यांना रिमूव्ह लावला की काय होतं याचा विचार करा, ‘शॅल आय रिमूव्ह युवर फोटो?’ म्हणजे मी तुमचा फोटो भिंतीवरून उतरवू का. फोटोला टेक, पैशांना विथड्रॉ, तिकिटाला बाय, चित्राला ड्रॉ, वेळेला मेक, चपलेला टेक ऑफ, भांडणाला पिक. इथे शॉर्टकट नाही, क्रियापद एकटं पाठ करू नका, नाम जोडून जोडीने पाठ करा, विथड्रॉ मनी, ड्रॉ अ पिक्चर असं. यासाठी ट्रान्सलेशन अ‍ॅपमध्ये एकटा शब्द टाकू नका, तिथे नेमका अर्थ कुठला ते कळत नाही. शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी घ्या, ज्यात प्रत्येक अर्थाखाली अख्खं वाक्य असतं. या प्रकारची गाजलेली पहिली डिक्शनरी हॉर्नबी नावाच्या इंग्रज मास्तरने जपानमध्ये शिकवताना तयार केली, १९४२ मध्ये तिथेच छापली, नंतर १९४८ मध्ये ती ऑक्सफर्डने काढली. (बघा, ‘काढली’. पब्लिश!)

दिवे, पंखे, नळ यांचं पटकन, ओपन आणि क्लोज फक्त दारं, खिडक्या, डबे, फाइल यांना. ज्याला बटण किंवा चावी आहे त्याला टर्न ऑन, टर्न ऑफ. आणि ‘ऑफ द फॅन’ असं नसतं, ऑफ एकटं क्रियापद नाही. परीक्षा आपण देतो पण इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो, देतो तो मास्तर. बाहेरच्या युनिव्हर्सिटीला मेल लिहिताना एवढं सांभाळा, इथे गावात ‘गेव्ह द एक्झाम’ म्हटलं म्हणून कोणी मार्क कापत नाही.

‘येतो’ची तर वेगळीच तऱ्हा. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे आपल्या हाडात आहे. तेच मी ऑफिसात उशिरापर्यंत थांबलेल्या परदेशी मॅनेजरला निघताना म्हटलं, ‘ओके, आय अ‍ॅम कमिंग.’ आणि घरी गेलो. तो बिचारा पाऊण तास वाट बघत होता, मी खाली काहीतरी आणायला गेलोय असं समजून. निघताना ‘आय अ‍ॅम ऑफ’ नाहीतर ‘सी यू टुमॉरो’. कमिंग फक्त तेव्हाच जेव्हा ऐकणारा जिथे आहे तिथे तुम्ही खरंच पोचणार असाल.

शेवटी एक तिकीट माझ्याकडे अजून ओपन आहे, लागणे. भूक लागली, आय अ‍ॅम हंग्री, क्रियापदच गायब. दोन तास लागतील, टेक. फोन लागत नाही, गेट थ्रू. ठेच लागली, स्टब. गाडी लागते, म्हणजे उलटी होते, गेट कारसिक. पैसे लागतील, नीड. नोकरी लागली, गेट. रडायला लागला, स्टार्ट. नजर लागली, याला मला आजवर धड क्रियापद मिळालेलं नाही, मागच्या महिन्यात मुलीची दृष्ट काढताना व्हिडिओ कॉल चालू होता आणि क्लायंटने विचारलं काय चाललंय, मी म्हटलं ‘नथिंग, जस्ट सॉल्ट’ आणि कॅमेरा बंद केला.